येप्पेच्या कॅमेऱ्यातले नवे फोटो

फोन वाजला तेव्हा एवाल्ड काळ्या पावावर लोणी लावत होता. पलीकडे कार्ना होती. तिचा आवाज इतका खाली गेला होता की ऐकण्यासाठी त्याला रेडिओ बंद करावा लागला.

"आणखी एक आलाय," ती म्हणाली.

"काय आलंय?"

"फोटो. येप्पेच्या कॅमेऱ्यात. हा तिसरा."

एवाल्डने सुरी खाली ठेवली. कार्नाचा नवरा येप्पे खलाशी; ऑक्टोबरात सुट्टीवर घरी आला असताना तो धुक्यातच मासे धरायला बाहेर पडला होता. त्याची होडी तेवढी सापडली, वाळूच्या पट्टीवर रुतलेली, आत कुणी नाही. आता फेब्रुवारी चालू होता. कॅमेरा त्या दिवसापासून कार्नाच्या कपाटाच्या खणात पडून होता; बॅटरी मरू नये म्हणून ती तो अधूनमधून कॉम्प्युटरला जोडायची तेवढंच.

पोलिसांना सोडून तिने एवाल्डला का फोन केला, हे आमच्या सोनरहो गावात कुणालाही विचारा. गावात त्याचं फोटोचं दुकान होतं. डिजिटल कॅमेरे आले आणि दुकान बुडालं. आता दर मंगळवारी तो वाचनालयाच्या कोपऱ्यात बसतो आणि लोकांच्या कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर उतरवून देतो. ज्यांनी आपलं दुकान बुडवलं त्यांचीच आता आपण बाळंतपणं करतोय, असं तो येईल त्याला ऐकवतो. मध्यंतरी औषधवाल्याच्या बायकोने लेकीच्या लग्नाचे फोटो चुकून पुसून टाकले, तेही त्याने कार्डातून परत काढून दिले. तेव्हापासून त्याचा भाव जरा वधारला आहे.

तो कार्नाच्या घरापाशी पोचला तेव्हा गल्लीत इतकं धुकं होतं की समोरच्या घराचं गवताचं छप्परही दिसत नव्हतं. दर्शनी खिडकीत चिनीमातीचे दोन पांढरे कुत्रे बसले होते. आमच्या फानो बेटावर खलाशांच्या घरांत असे कुत्रे असतात. माणूस समुद्रावर असला की त्यांची तोंडं बाहेर, वाट बघत. माणूस घरी आला की बाई ती आत वळवते. दुसऱ्या कुणी त्यांना हात लावायचा नसतो. कार्नाचे कुत्रे ऑक्टोबरपासून बाहेर बघत होते. त्या खिडकीवरून जाताना गावातले लोक हल्ली झपाझप पावलं उचलत आणि नजर खाली ठेवत.

स्वयंपाकघरात टेबलावर कॉम्प्युटर चालू होता. शेजारी कॅमेरा, त्याला जोडलेली वायर. पडद्यावर एक चौकट उघडी होती. 'कॅमेऱ्यात नवीन फोटो सापडला. उतरवू का?'

"मी अजून हो म्हटलेलं नाही," कार्ना म्हणाली. "तुम्ही म्हणा."

एवाल्डने बटण दाबलं.

फोटो हळूहळू उमटला. खाडीकाठच्या होडीघराची भिंत, तिच्यापुढे चिखल आणि धुकं. रंग जवळपास नव्हताच. सगळं राखेसारखं करडं. कुणी माणूस नाही. एवाल्डच्या मानेवर काटा आला, आणि हे त्याने नंतर सगळ्यांना मोकळेपणाने सांगितलं.

"आधीचे दोन दाखव."

तिने दाखवले. पहिल्यात हेच घर होतं, गल्लीतून काढलेलं, तसंच करडं. दुसऱ्यात फक्त दर्शनी खिडकी. काचेतून दोन्ही कुत्र्यांच्या पांढऱ्या पाठी दिसत होत्या.

"बघितलंत?" कार्नाने विचारलं. "तोंडं आत आहेत. माझे बाहेर बघताहेत आणि फोटोतले आत. तो सांगतोय मला, मी आलोय म्हणून."

 एवाल्डने खुर्ची ओढली आणि सरळ प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"ऑक्टोबरात कार्डात काही शिल्लक होतं?"

"काहीच नाही. तो फोटो काढायचा, मी उतरवायचे. उतरवले की लगेच कार्ड पुसायचे. तो घरी असायचा तेवढ्या दिवसांचे तेवढेच. त्याही वेळी तसंच केलं, तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी."

"आणि ते फोटो?"

कार्नाने कॅमेऱ्याची वायर उगाच सरळ केली. मग म्हणाली, "ते मी बघितलेले नाहीत. आमची पद्धत होती. उतरवायचे मी एकटीने, पण बघायचे दोघांनी मिळून, कॉफी घेऊन. तो म्हणाला, उद्या मासे घेऊन येतो, मग बघू. ते फोल्डर मी अजून उघडलं नाही. एकदा आस्गरपाशी बोलून गेले होते, नाहीतर कुणालाच माहीत नाही. लोक म्हणतील, बाईला वेड लागलं."

"फोटोंवर तारीख?"

"येप्पेने कॅमेऱ्याचं घड्याळ कधी लावलंच नाही. त्या कॅमेऱ्याच्या मते जग अजून पहिल्याच दिवशी आहे."

हे बोलताना ती हसली, आणि तेच हसू तिला पेलेना. तिने तोंडावर हात ठेवला. एवाल्डने कॅमेरा उचलून त्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर फोटो उघडायचा प्रयत्न केला. करडा चौकोन आला आणि त्यात एक प्रश्नचिन्ह. दुसऱ्या फोटोला तेच. तिसऱ्यालाही तेच.

"तेच तर," कार्ना म्हणाली. "कॅमेऱ्यालाच ते दिसत नाहीत. फक्त कॉम्प्युटरवर दिसतात."

पुढच्या महिन्यात तिला पलीकडच्या एस्बियर्ग शहरातल्या कोर्टात जायचं होतं. मृतदेह नसला की बायकोला न्यायाधीशापुढे उभं राहून सांगावं लागतं की नवरा गेला असं मी मानते. मगच त्याचं नाव चर्चच्या आवारातल्या, समुद्रात बुडालेल्यांच्या दगडावर कोरतात. कार्नाने मन घट्ट केलं होतं. जायच्या आदल्या दिवशी ते फोल्डर एकटीने उघडायचं, एकदा बघून घ्यायचं, आणि मग बोलायचं. तेवढ्यात हे फोटो येऊ लागले.

"तो जिवंत असेल आणि मी त्याला मेला म्हटलं तर?" तिने विचारलं. "आणि मेला असेल आणि मी रोज रात्री दार नुसतं लोटून झोपत असेन तर? एवाल्ड, मला दोन्हीतलं एक काहीतरी सांगा. कुठलंही चालेल."

एवाल्डने विचारलं, घरात कुणाकुणाला येता येतं. उत्तर सोपं होतं. सासू एलिनोर घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहते आणि मधलं दार कधी बंद नसतं. शेजारच्या सोफुसकडे मांजरासाठी किल्ली आहे. येप्पेचा थोरला भाऊ आस्गर दर रविवारी जेवायला येतो. कार्ना आणि एलिनोर चर्चला गेल्या की तो आधी येऊन शेगडी पेटवून ठेवतो.

"कॉम्प्युटर कुणाला येतो?"

"एलिनोरला माउस दिला तर ती तो पुसून कपाटात ठेवेल. सोफुसला सगळं येतं. हा कॉम्प्युटर जोडून दिला आस्गरने, पण वायरीपलीकडे आपल्याला काही कळत नाही, असं तोच म्हणतो."

*

एलिनोर मधल्या दाराआडच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही. तिने एवाल्डला आपल्या बाजूला नेलं, तळलेला सुका मासा पुढे ठेवला आणि खायला लावलं.

"ती घाबरते. मी नाही घाबरत," एलिनोर म्हणाली. "माझा मुलगा घराभोवती फिरतो. मला त्याची पावलं कळतात."

"तुम्ही ऐकलीत?"

"रविवारी चर्चमधून लवकर परतले होते. डोकं दुखत होतं. माझ्या खोलीत पडले होते आणि तिच्या बाजूला कुणीतरी चालत होतं. येप्पेसारखंच. डावा पाय जरा घासत."

"दार उघडून बघितलं नाहीत?"

म्हातारीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने घास तोंडातच थांबवला.

"उघडलं असतं आणि तिथे कुणी नसतं तर?" ती म्हणाली.

पहिला फोटो आला तेव्हा आपण ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा हसलो, हे तिने आपणहून सांगितलं. आस्गर जेवायला होता त्या दिवशी. आपल्याला हसताना बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एरवी दगड आहे तो, असंही ती म्हणाली.

*

सोफुस विधुर आहे, आणि उन्हाळ्यात जर्मन पाहुण्यांना वाळूच्या टेकड्यांची पोस्टकार्डं विकतो. ती पोस्टकार्डं करडी असतात, रंग काढून टाकलेली. त्याला वाटतं त्यात खोली येते. एवाल्डला वाटतं त्यात शाई वाचते. त्या दुपारी एवाल्ड तिथे गेला तो मनाशी निकाल लावूनच.

"रंग काढायला तुला फार आवडतं ना?"

"तुला काय म्हणायचंय ते थेट म्हण," सोफुस म्हणाला.

एवाल्डने थेट म्हटलं. सोफुसचा चेहरा आधी लाल झाला, मग तो खुर्चीत बसून हसू लागला.

"अरे, मी हिवाळाभर त्या बाईच्या दारात लाकडं फोडून टाकतोय. का, ते सगळ्या गावाला माहिती आहे, तिला सोडून. मला येप्पेला जिवंत करून काय मिळणार? मी भूत उभं केलंच असतं तर ते तिला सांगून गेलं असतं, की बाई, सोफुस बरा माणूस आहे."

 एवाल्डने छापून आणलेले फोटो काढले आणि तिसरा पुढे केला. सोफुस चष्मा लावून तो बराच वेळ बघत राहिला.

"होडीघर सुनं दिसतंय. तिथे आस्गरची हिरवी होडी असायची, तिची एक फळी पांढरी होती. लांबून ओळखू यायची. कधी गेली कुणास ठाऊक. पर्यटक गेले की खाडीकडे फिरकतं कोण?" मग तो म्हणाला, "आणि याचा आकार असा का? बाकीचे दोन आडवे आहेत. हा अरुंद आहे."

एवाल्डने फोटो त्याच्या हातातून घेतला. आयुष्यभर हजारो फोटो कापून पाकिटात भरले, आणि हे आपल्याला दिसू नये, याचा त्याला मनापासून राग आला.

*

आस्गर गावाच्या टोकाला एकटा राहतो. पूर्वी तो वाळूच्या पट्ट्यांमधून मोठ्या बोटी वाट दाखवून बाहेर काढायचा. दारूपायी ते काम गेलं. आईपुढे त्याने शपथ घेतली होती की पुन्हा थेंब घेणार नाही, आणि ती गोष्टही गावात सगळ्यांना माहीत आहे. एवाल्ड आला तेव्हा तो शेडमध्ये जाळं दुरुस्त करत होता. उठून कॉफी आणायला गेला तेव्हा त्याचा डावा पाय जमिनीला घासत होता. भावाभावांची चाल सारखी असते, यात काही विशेष नाही.

"त्या दिवशी येप्पेबरोबर तू नव्हतास?"

"पाठ धरली होती. पोलिसांना सांगितलंय."

"एरवी तुम्ही जोडीने जात होतात."

"माझी होडी मी उन्हाळ्यातच विकली, एवाल्ड. मी कशात बसून जाणार होतो, बादलीत?"

"कुणाला विकलीस?"

"पलीकडच्या किनाऱ्यावरच्या एका माणसाला. नाव विसरलो."

एवाल्डने फोटोंचा विषय काढला. आस्गरने जाळ्यावरून मान वर केली नाही. तो म्हणाला, कार्नाने त्या फोटोंवर विश्वास ठेवावा. कोर्टात जायची एवढी घाई कशाला? येप्पे बोटींवर हिंडलेला माणूस. कुठेतरी उतरला असेल. लोक जातात असे, आणि परतही येतात.

"बायकोला न सांगता?"

"सांगायला जमत नसेल," आस्गर म्हणाला.

ते वाक्य त्याने ज्या आवाजात म्हटलं तो आवाज एवाल्डच्या डोक्यातून जाईना.

*

परतताना धुकं आणखी दाटलं होतं. एवाल्ड कार्नाच्या खिडकीपाशी थांबला, जे गावात कुणी करत नाही. दोन्ही कुत्रे काचेतून सरळ त्याच्याकडे बघत होते. काळे रंगवलेले डोळे, त्यावर धुक्याचा ओलावा. त्याच्या मनात आलं, यांची तोंडं ऑक्टोबरपासून एकदाही वळलेली नाहीत. मी रोज इथून जातो. मी बघितलंय.

तो तिथेच उभा राहिला. मग दार ठोठावून त्याने कार्नाकडून कॅमेरा मागून घेतला आणि वाचनालयात जाऊन कार्ड बाहेर काढलं. औषधवाल्याच्या बायकोसाठी वापरला होता तोच प्रोग्राम त्याने लावला. कार्ड पुसलं तरी फोटो लगेच जात नाहीत. ओला बोळा फिरवलेली पाटी उजेडात धरली की जुनी अक्षरं दिसतात, तसे ते खाली राहतात, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत.

पडद्यावर एकेक फोटो वर येऊ लागला. काही अर्धे, खाली नुसते पट्टे. काही पूर्ण. रंगीत. वाचनालयात त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. मेलेल्या माणसाने बघितलेलं सगळं त्याच्यापुढे उलगडत होतं, आणि एवाल्डला जाणवलं की ते बघायचा हक्क आपला नाही. तरी त्याने शेवटपर्यंत बघितलं. अगदी शेवटच्या फोटोपाशी त्याचा हात थांबला.

मग त्याने एस्बियर्गला फोन केला.

*

रविवारी चर्चनंतर कार्नाच्या टेबलाभोवती कार्ना, एलिनोर, आस्गर आणि सोफुस बसले होते. एवाल्डने स्वतःलाच जेवायला बोलावून घेतलं होतं, आणि सोफुसलाही. दुपारच्या फेरीबोटीने आलेली एक बाई दारापाशी बसली होती.

"ही बोडिल. एस्बियर्गच्या पोलिसांतली," एवाल्डने सांगितलं. "मी बोलावलंय."

आस्गर बटाटे वाढून घेत राहिला.

एवाल्डने कॅमेरा टेबलावर ठेवला. तो म्हणाला, आधी प्रश्नचिन्हाचं बघू. कॅमेरा आपण काढलेला फोटो कधी नाकारत नाही. पण तोच फोटो कॉम्प्युटरवर नेऊन बदलला, त्याचा रंग काढला, कड कापली, आणि परत कार्डात टाकला, तर कॅमेऱ्याला तो वाचता येत नाही. कॉम्प्युटरला येतो. म्हणजे हे फोटो कॅमेऱ्याने नव्याने काढलेलेच नव्हते. ते उलट्या वाटेने आले होते, कॉम्प्युटरवरून कॅमेऱ्यात.

"सोफुस," एलिनोर म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं," एवाल्ड म्हणाला. "पण फोटोतले कुत्रे आत बघताहेत. कार्ना, ऑक्टोबरपासून तू त्यांना हात लावलास?"

"नाही."

"दुसऱ्या कुणी?"

"कोण लावेल?"

"कुणीच नाही. मग ऑक्टोबरनंतर कुणीही फोटो काढला, माणसाने काढो की भुताने, त्यात कुत्रे बाहेरच बघणार. हे फोटो येप्पे घरी होता तेव्हाचे आहेत. येप्पेनेच काढलेत, जिवंतपणी. आपण सगळे जन्मभर खिडकीतले कुत्रे बघत आलो. येप्पेने फोटो काढले तेव्हा तो घरी होता, म्हणून ते आत. हे इतकं साधं आहे की ज्याने फोटो निवडले त्यालाही खटकलं नाही. बाहेरच्या माणसाने ते कुत्रे एकेक करून बघितले असते. बेटावरच्या माणसाला ते दिसत नाहीत."

कार्नाने हळूच विचारलं, "पण माझ्याकडचे सगळे जुने फोटो मला पाठ आहेत. हे मी कधी बघितले नव्हते."

"एक फोल्डर सोडून," एवाल्ड म्हणाला. "उघड ते."

ती उठली नाही. बोडिलने काही बोलायला तोंड उघडलं, एवाल्डने मान हलवली. मग कार्ना कॉम्प्युटरपाशी गेली. तिने दोनदा बटण दाबलं.

फोल्डर रिकामं होतं.

"ते फोल्डर तू उघडत नाहीस, हे ज्याला माहीत होतं तोच त्यातले फोटो तुला नवे म्हणून दाखवू शकत होता," एवाल्ड म्हणाला. "ते मला माहीत होतं, पण तिसऱ्या फोटोनंतर. त्याआधी तू एकालाच सांगितलं होतंस."

कार्ना वळली. तिने नाव घेतलं नाही. तिने फक्त आस्गरकडे बघितलं.

"मी तिला आशा दिली," आस्गर म्हणाला. त्याने काटा खाली ठेवला होता. "गुन्हा आहे का तो?"

"नाही," एवाल्ड म्हणाला. "तेवढाच असता तर मी बोडिलला बोलावलं नसतं."

त्याने खिशातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. रंगीत, आडवा, पूर्ण. तेच होडीघर, तोच चिखल. आणि डाव्या अर्ध्या भागात, किनाऱ्यावर ओढून ठेवलेली हिरवी होडी. तिची एक फळी पांढरी.

"पुसलेल्या कार्डातून हा निघाला. कार्ना दर वेळी कार्ड पुसत होती आणि जुन्या फोटोंच्या जागी नवे लिहिले जात होते, म्हणून या कार्डातून निघाले ते फक्त ऑक्टोबरचे दिवस. हा शेवटचा फोटो आहे, येप्पे गेला त्याच्या आदल्या दिवशीचा. आस्गर, तू ही होडी उन्हाळ्यातच विकली होतीस. मग ही इथे काय करतेय? आणि तिसऱ्या फोटोतून तू नेमकी हीच का कापलीस?"

 शेगडीत लाकूड तडकलं. एलिनोर मुलाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर एक भयंकर गोष्ट होती. तिला कळायला लागलं होतं.

"त्या रविवारी पावलं तुझी होती," ती म्हणाली.

"हो, आई."

"मी म्हटलं येप्पे आलाय."

"माहितीये."

तो फार वेळ बोलला नाही. ते दोघे आस्गरच्या हिरव्या होडीतून गेले होते. येप्पेला कळू न देता त्याने बाटली बरोबर घेतली होती, थंडीसाठी. धुक्यात वाळूच्या पट्टीची कड त्याला दिसली नाही. होडी आदळली आणि येप्पेचं डोकं होडीच्या काठावर आपटलं. थोडा वेळ तो बोलत होता. गार वाटतंय म्हणाला. मग तेही म्हणाला नाही. आस्गरने किनाऱ्यावर आणून त्याला टेकड्यांतल्या, महायुद्धात जर्मनांनी बांधलेल्या जुन्या बंकरमध्ये ठेवलं आणि बंकरच्या तोंडावर वाळू लोटली. मग येप्पेची होडी ओढत नेऊन सोडून दिली आणि आपली बुडवली.

"मला हाक मारली असतीस तर," कार्ना म्हणाली. "अपघात होता ना? कुणीही मान्य केलं असतं."

"मी प्यालो होतो."

"आणि हे फोटो?" बोडिलने पहिल्यांदाच विचारलं.

आस्गरने तिच्याकडे बघितलं नाही. तो कार्नाशीच बोलला. "आधी फक्त होडीचा फोटो पुसायला आलो होतो, येप्पेने तो माझ्यासमोरच काढला होता. तू फोल्डर उघडणार म्हणाली होतीस. मग बाकीचे बघितले आणि सगळेच काढून घेतले. त्यातले हेच तीन वापरता आले. उरलेल्या सगळ्यांत तूच होतीस." तो थांबला. "तू कोर्टात जाऊन तो मेला म्हणेपर्यंत तो मेला नव्हता. निदान मी मारला नव्हता."

एलिनोर उठली. सगळ्यांना वाटलं ती त्याला मारणार. तिने त्याच्यापुढचं ताट उचललं, मोरीत नेऊन ठेवलं आणि पाठ करून धूत उभी राहिली. बोडिलने आस्गरला कोट घालायला सांगितला.

*

वाळू उपसायला गावातली बरीच माणसं गेली. सोफुस सगळ्यांत आधी उतरला आणि सगळ्यांत शेवटी वर आला. कार्नाला कोर्टात उभं राहावं लागलं नाही. बुडालेल्यांच्या दगडावरही येप्पेचं नाव कोरावं लागलं नाही, कारण तो बुडाला नव्हता. त्याला चर्चमागे त्याच्या वडिलांशेजारी पुरलं. एलिनोर सबंध वेळ कार्नाच्या दंडाला धरून होती.

त्यानंतर एवाल्डने कार्नाला एक पाकीट नेऊन दिलं. कार्डातून निघालेले बाकीचे फोटो त्याने कागदावर छापले होते, जुन्या दुकानातला शिल्लक कागद वापरून. त्याने सांगितलं, मी बघितलेत, माफ कर, बघावेच लागले. ती म्हणाली, बसा, कॉफी करते, एकटीने नाही बघवणार.

तिने एकेक फोटो टेबलावर मांडला. ती कपडे वाळत घालताना. ती तोंडावर हात धरून हसताना. ती ओरडताना, बहुधा फोटो काढू नको म्हणून. मग एक असा निघाला की तो हातात घेऊन ती बराच वेळ बसली. तो गल्लीतून काढलेला होता. काचेपलीकडे कार्ना खिडकीशी वाकली होती, दोन्ही हातांत एकेक कुत्रा, त्यांची तोंडं आत वळवताना. येप्पे तेव्हा नुकताच बोटीवरून उतरून आला असणार. खांद्यावरची पिशवीही खाली न ठेवता त्याने हा काढला असणार. हे बोलताना कार्ना रडली, आणि एवाल्डही रडला.

कॉफी संपल्यावर ती उठून दर्शनी खोलीत गेली. कुत्र्यांवरची धूळ तिने पदराने पुसावी तशी अॅप्रनच्या टोकाने पुसली. मग आधी एकाचं, नंतर दुसऱ्याचं तोंड आत वळवलं.

एवाल्ड घरी निघाला तेव्हा गल्लीतून सोफुस येत होता. खिडकीपुढे तो थांबला आणि त्याने टोपी काढली. येप्पे घरी आला होता.